‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या दैनिकात मोठ्या पडद्याच्या टीव्हीच्या आणि होम थिएटरच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. त्या संचातला एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचा आवाज आणि चित्र वाटून देणारी पेटी, घरी आल्यावर किंवा जुन्या रिसीव्हरला नवा टीव्ही जोडल्यावर जी अडचण हमखास उभी राहते, तिच्याविषयी मात्र दुकानात कोणी बोलत नाही. आवाज येतो पण चित्र येत नाही, चित्र येते पण मधूनच दोन सेकंद काळे होते, किंवा फोर-के, म्हणजे एचडीहून अधिक सुस्पष्ट चित्राचा, टीव्ही घेऊनही चित्र साध्या एचडीचेच दिसते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो असून, अलीकडे नातेवाईक आणि शेजारी मला बोलावतात ते बहुतेक याच तक्रारीसाठी. यातल्या अनेक घरांत ‘एचडीएमआय बोर्ड गेला’, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणाऱ्या जोडणीचा आतला भाग जळला, असा निकाल आधीच लागलेला असतो आणि तपासल्यावर तो चुकीचा निघतो, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

सेट-टॉप बॉक्स, ब्ल्यू-रे प्लेयर, स्ट्रीमिंगचा बॉक्स, गेम कन्सोल अशा सगळ्यांच्या तारा रिसीव्हरच्या पाठीमागे येऊन मिळतात. रिसीव्हर त्यातला आवाज आपल्या स्पीकरना देतो आणि चित्र पुढे टीव्हीकडे पाठवतो. या पुढे पाठवण्यालाच ‘पास-थ्रू’ म्हणतात. नावावरून वाटते की चित्र नळातल्या पाण्यासारखे आरपार जात असेल. प्रत्यक्षात रिसीव्हर मध्ये बसलेला दुभाषा असतो. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी काहींवरून चित्र आणि आवाज जातो, तर उरलेल्यांपैकी काही पिना उपकरणांच्या आपसांतल्या बोलण्यासाठीच राखून ठेवलेल्या असतात. ‘मी जोडला गेलो आहे’, ‘मला अमुक आकाराचे चित्र दाखवता येते’, ‘माझ्याकडे नक्कल रोखणारे अमुक प्रतीचे कुलूप आहे’ अशी ही देवाणघेवाण पूर्ण झाल्याशिवाय पडद्यावर काहीही उमटत नाही.

गेल्या वर्षी सांगलीला थोरल्या बहिणीकडे हाच प्रकार घडला. त्यांचा रिसीव्हर २०१४ साली घेतलेला, उत्तम चाललेला. दाजींनी हौसेने नवा फोर-के टीव्ही आणि एक स्ट्रीमिंग बॉक्स आणला. सेट-टॉप बॉक्स आणि जुना ब्ल्यू-रे प्लेयर रिसीव्हरमधून व्यवस्थित दिसत होते, पण स्ट्रीमिंग बॉक्स लावला की पडदा काळा होई. सर्व्हिस सेंटरने रिसीव्हर आठ दिवस ठेवून घेतला, बोर्ड बदलण्याचा अठरा हजारांचा अंदाज दिला आणि वर ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ असा सल्लाही दिला. मी गेलो तेव्हा दाजींनी नव्या रिसीव्हरसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

तिथे मी तीनच गोष्टी पाहिल्या. रिसीव्हरचा स्वतःचा मेनू टीव्हीवर स्वच्छ उमटत होता, म्हणजे रिसीव्हरचे आउटपुट आणि तिथून टीव्हीकडे जाणारी तार मेलेली नव्हती. स्ट्रीमिंग बॉक्स ज्या खाचेत लावला होता, त्याच खाचेत सेट-टॉप बॉक्स लावून पाहिला, तर चित्र आले. शेवटी स्ट्रीमिंग बॉक्स थेट टीव्हीला जोडला, तर फोर-के चित्र लख्ख दिसले. तिन्ही उपकरणे धडधाकट होती, फक्त मधल्या दुभाष्याला नव्या कुलपाची भाषा येत नव्हती. फोर-के चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना एचडीसीपी या नक्कलप्रतिबंधक कुलपाची २.२ ही आवृत्ती लागते आणि ती साखळीतल्या प्रत्येक दुव्याकडे असावी लागते. स्रोत, म्हणजे चित्र पाठवणारा बॉक्स किंवा प्लेयर, टीव्हीची चौकशी करतो तशी मधल्या रिसीव्हरचीही करतो, आणि तिथे जुनी १.४ आवृत्ती सापडली की चित्राची प्रत खाली आणतो किंवा चित्र बंदच करतो. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये एचडीएमआयची २.० ही नवी आवृत्ती आली, पण त्यानंतरच्या वर्षभरात विकल्या गेलेल्या कितीतरी रिसीव्हरांत एचडीसीपी २.२ नव्हते. ते चिपमध्ये असावे लागते, सॉफ्टवेअर अद्ययावत करून सहसा येत नाही. त्यामुळे बोर्ड बदलून तसाच दुसरा बोर्ड बसवला असता, तरी अठरा हजार खर्चून पडदा काळाच राहिला असता.

उपाय बिनखर्चाचा निघाला. स्ट्रीमिंग बॉक्स थेट टीव्हीला जोडला आणि आवाज उलट वाटेने, म्हणजे टीव्हीकडून रिसीव्हरकडे, आणला. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून एआरसी नावाची ही सोय आहे. त्यासाठी टीव्हीवरची ‘एआरसी’ लिहिलेली खाच आणि रिसीव्हरचे ‘एआरसी’ लिहिलेले आउटपुट एकमेकांना जोडावे लागते आणि दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एका रिमोटने दुसरे उपकरण चालवण्याची सोय, चालू करावी लागते. प्रत्येक कंपनी सीईसीला वेगळेच नाव देते आणि सामान्य माणूस तिथेच अडखळतो. जुन्या एआरसीमधून ब्ल्यू-रेचा संपूर्ण, काहीही न वगळलेला बहुवाहिनी, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचा, आवाज जात नाही, त्यासाठी एचडीएमआय २.१ बरोबर आलेले ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागते. पण स्ट्रीमिंग सेवांचा आवाज मुळातच काही भाग वगळून दाबलेला असल्याने ताईच्या घरी काही गमावले नाही. ब्ल्यू-रे प्लेयर पूर्वीसारखा रिसीव्हरलाच राहिला.

सगळीच दुखणी कुलपाची नसतात. चित्रात पांढरे-रंगीत ठिपके चमकत असतील, किंवा चित्र अधूनमधून नाहीसे होऊन परत येत असेल, तर पहिला संशय तारेवर घ्यावा. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाने प्रोजेक्टरसाठी भिंतीच्या आतून पंधरा मीटरची साधी एचडीएमआय तार घातली होती. साध्या एचडीसाठी ती वर्षानुवर्षे पुरली आणि फोर-के आल्याबरोबर कोसळली. एचडीएमआय १.४ ची कमाल गती १०.२ गिगाबिट प्रतिसेकंद, २.० ची १८ आणि २.१ ची ४८ आहे, आणि गती वाढते तसतशी तांब्याच्या तारेची उपयुक्त लांबी घटत जाते. याची परीक्षा सोपी आहे: स्रोताच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झऐवजी ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठऐवजी तीस चित्रे, करावे. ठिपके गेले, तर रिसीव्हर निर्दोष आणि तार दोषी धरायला हरकत नाही. एवढ्या लांबीला प्रकाशतंतूची सक्रिय एचडीएमआय तार लागते, आणि तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेले टोक रिसीव्हरकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक प्रोजेक्टरकडे लावावे लागते, उलटी लावली तर चित्र येतच नाही. नवीन घरात कन्सिल्ड वायरिंग करून घेणाऱ्यांनी पुढे तार बदलता येईल एवढा रुंद पाइप तारेबरोबर टाकून घ्यावा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, कारण नंतर भिंत फोडावी लागलेली मी पाहिली आहे.

आणखी एक सेटिंग वारंवार आडवे येते. पुष्कळ टीव्ही आणि रिसीव्हर कारखान्यातून येताना खाचा जुन्या, कमी गतीवर ठेवूनच येतात, जेणेकरून जुनी उपकरणेही चालावीत. पूर्ण गतीचा पर्याय ‘एन्हान्स्ड’, ‘डीप कलर’, ‘सिग्नल प्लस’ अशा नावाखाली मेनूच्या पोटात असतो आणि तो टीव्हीवर व रिसीव्हरवर, दोन्हीकडे, त्या-त्या खाचेसाठी चालू करावा लागतो. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद राहिला की रंग फिके पडतात किंवा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक ठळक दाखवणारी सोय, लागतच नाही. रिसीव्हरला दोन आउटपुट असतील, तर टीव्ही ज्याला जोडला आहे तेच आउटपुट मेनूत निवडलेले आहे ना, हेही एकदा पाहावे.

वीज जाऊन आल्यावर चित्र न येणे हा तर आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. सगळी उपकरणे एकाच क्षणी जागी होतात, टीव्हीने आपली माहिती देण्याआधीच रिसीव्हर ती विचारून मोकळा होतो आणि पुढचा सगळा संवाद चुकीच्या माहितीवर चालतो. अशा वेळी रिमोटने बंद-चालू करून उपयोग होत नाही. सगळ्यांचे प्लग काढून पाच मिनिटे थांबावे, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर आणि शेवटी स्रोत, या क्रमाने चालू करावे. रिसीव्हर बंद ठेवून नुसत्या टीव्हीवर बातम्या पाहता येत नाहीत, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असते. तिथे ‘स्टँडबाय पास-थ्रू’ नावाचा पर्याय चालू केला की काम होते, रिसीव्हर थोडी जास्त वीज घेतो एवढेच.

बोर्ड खरोखर जळतो, हेही मान्य केले पाहिजे. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा केबलच्या तारेतून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. म्हणून गडगडाट सुरू झाला की केवळ प्लग काढणे पुरेसे नाही, केबलची किंवा डिशची तारही सोडवावी. घरातले अर्थिंग नीट नसेल, तर चालू उपकरणांत एचडीएमआय तार खुपसणे धोक्याचे असते.

कधीकधी तर दोष कारखान्यातूनच येतो. २०२० च्या अखेरीस नवीन गेम कन्सोल बाजारात येत असताना, त्या वर्षीच्या काही नामांकित कंपन्यांच्या रिसीव्हरांतून फोर-के १२० हर्ट्झचे विशिष्ट सिग्नल पुढे जातच नाहीत, असे जर्मनीतील एका तंत्रज्ञानविषयक नियतकालिकाने दाखवून दिले. मूळ दोष आतल्या एचडीएमआय चिपमध्ये होता. कंपन्यांना तो मान्य करावा लागला आणि पुढे कोणी ग्राहकांना विनामूल्य जोडपेटी दिली, तर कोणी बोर्ड बदलून दिले. नियतकालिकाने नेटाने तपासले नसते, तर त्या ग्राहकांनाही ‘तुमची तार खराब आहे’ हेच ऐकावे लागले असते.

म्हणूनच माझी विनंती विक्रेत्यांना आणि सर्व्हिस सेंटरांना आहे. खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ एवढे छापल्याने ग्राहकाला काही कळत नाही, कारण त्या आवृत्तीतल्या बहुतेक सोयी उत्पादकाला ऐच्छिक आहेत. कोणत्या खाचेची गती किती गिगाबिट, एचडीसीपी कोणते आणि ईएआरसी आहे की नाही, या तीन गोष्टी बिलावर लिहून द्याव्यात. बोर्ड बदलण्याचा अंदाज देण्याआधी स्रोत थेट टीव्हीला जोडून पाहावा, दुसरा स्रोत त्याच खाचेत लावून पाहावा, आणि काय आढळले ते जॉब शीटवर मराठीत नोंदवावे. या तपासणीला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. ग्राहकांनीही ही नोंद मागून घ्यावी, आणि कोणी ती देण्यास नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. योग्य माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला दिलेला आहे.

आपल्या दिवाळी खरेदी पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी या तपासणीला एक चौकट मिळाली, तर मी ती आनंदाने लिहून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक-वाचक, सातारा