श्वा–शुनः, क्युओन–क्युनोस: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

प्राचीन ग्रीक शिकू पाहणाऱ्या मराठी माणसांना तुमची पद्धत कळावी, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ग्रीकमधली प्राण्यांची नावं नवख्याला फार छळतात. सिंह प्रथमेत 'लेओन', षष्ठीत 'लेओन्तोस'. कोल्हा 'अलोपेक्स', षष्ठीत 'अलोपेकोस'. प्रथमेत झाकलेलं मूळ अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात तो शब्दाचा भाग, षष्ठीत उघडं पडतं, म्हणून कोशात नामाशेजारी षष्ठीही छापतात. हे पुस्तकांत असतंच. तुम्ही मात्र कागद पुढे ओढून संस्कृतची रूपं मांडलीत: श्वा, श्वानम्, शुनः. आणि त्याखाली क्युओन, क्युना, क्युनोस.

कुत्र्याचं नाव दोन्हीकडे एकाच मूळ शब्दातून आलेलं, आणि षष्ठीत दोन्हीकडे सारखंच आक्रसणारं! पाणिनीने 'श्वयुवमघोनामतद्धिते' या सूत्रात कुत्रा, तरुण आणि इंद्र एका पंगतीला बसवले, ते या आक्रसण्यापायीच. द्वितीयेत संस्कृतने भरदार 'श्वान' राखलं, ग्रीकने तिथेही 'क्युन' चालवलं. तो फरक तुम्ही लाल शाईने दाखवलात.

गाईचंही तसंच. 'गो'ची द्वितीया 'गाम्', आणि होमरच्या इलियड या महाकाव्याच्या सातव्या सर्गात तिच्याच जोडीचं 'बोन' येतं, तेही बैलाच्या कातड्याच्या ढालीसाठी. एरवी ग्रीकमध्ये 'बून' म्हणतात.

पण मला सर्वांत आवडला तो अलुक् समासाचा, म्हणजे पहिल्या पदाची विभक्ती न गळणाऱ्या समासाचा धडा. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताच्या एका मुलाचं नाव शुनःपुच्छ. ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकापुंजाला ग्रीकांनी नाव दिलं 'क्युनोसूरा'. दोन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट, आणि दोन्हींत षष्ठी न लोपता तशीच उभी! थेसलीतल्या ज्या टेकड्यांवर इ.स.पू. 197 मध्ये रोमनांनी मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याला हरवलं, त्याही 'क्युनोस केफालाय', कुत्र्याची डोकी. तेव्हापासून नकाशातसुद्धा मला विभक्ती दिसते.

बाई, निवृत्तीनंतर एका अनोळखी मुलीसाठी तुम्ही इतका वेळ काढलात, एक पैसा घेतला नाहीत, आणि पाठांतराची धास्ती घालवून रूपांची गोडी लावलीत. हे ऋण मोठं आहे. मनापासून आभार.

आता मेंढी घेतली आहे: अविः आणि ओइस. वैदिक षष्ठी अव्यः, ग्रीक ओइओस. तक्ता सोबत जोडला आहे, सवडीने तपासून द्याल ना?

तुमची विद्यार्थिनी