लोह टाकले की समुद्र कार्बन पोटात घेईल?

संपादक महोदय,

समुद्रात लोहाचे क्षार टाकले की वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावेल आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड आपोआप कमी होईल, असे अलीकडे वारंवार वाचायला मिळते. यातील पहिले विधान अनेक ठिकाणी खरे ठरले आहे. दुसरे मात्र तितके सरळ नाही, आणि दोन्हींची सरमिसळ होते याची मला मनापासून काळजी वाटते.

दक्षिण महासागरात आणि विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये नायट्रेट व फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पतिप्लवक विरळच का, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. पाण्यातील लोह मोजू गेल्यास जहाजाचा आणि तारांचा गंजच नमुन्यात उतरत असे. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लाने धुतलेल्या बाटल्या वापरून काटेकोर मोजमाप केले, तेव्हा तेथे लिटरमागे ग्रॅमचे अवघे काही अब्जांश एवढेच लोह असल्याचे दिसले. प्राणवायूयुक्त पाण्यात लोह फारसे विरघळत नाही. त्याचे कण होऊन ते खाली बसते. नायट्रेट पचवणाऱ्या विकरांना आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला तर लोहच लागते. त्याची टंचाई झाली की काही डायटम (सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय वनस्पतिप्लवक) फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाऐवजी लोहाविना चालणारे फ्लेव्होडॉक्सिन वापरून दिवस काढतात, इतकी ही ओढाताण असते.

मार्टिन 1993 मध्ये वारले आणि त्याच वर्षी पॅसिफिकमधील गॅलापागोस बेटांजवळ समुद्रात लोह टाकण्याचा पहिला प्रत्यक्ष प्रयोग झाला. लोह मिळताच वाढ झाली. पण वाढलेले प्लवक पुढे कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे; ते खोल बुडाले तरच त्यातील कार्बन हवेपासून दूर राहतो. 2004 च्या दक्षिण महासागरातील प्रयोगात डायटमचे पुंजके हजार मीटरच्याही खाली गेले. 2009 मध्ये भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी 'पोलारश्टेर्न' जहाजावरून केलेल्या 'लोहाफेक्स' प्रयोगात मात्र पाण्यात सिलिका फारच कमी असल्याने कवच बांधणाऱ्या डायटमची वाढ झाली नाही. जे इतर प्लवक वाढले, त्यातील बरेच प्राणिप्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या लहान प्राण्यांनी) फस्त केले आणि तळाकडे फारच थोडा कार्बन गेला.

म्हणून आपणांस विनंती की, अशा प्रयोगांच्या बातम्या देताना उपग्रहाने टिपलेल्या हिरव्या पट्ट्याच्या छायाचित्रासोबत तेथील सिलिकाचे प्रमाण काय होते आणि कार्बन किती खोल गेला, हेही आवर्जून छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक