ओटीपोटाच्या फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण नाशकात सुरू करा

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नाशकात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा कंबर दाखवायला आलेल्या बायका तपासणी संपत आली की आवाज खाली करून दुसरंच काही सांगू लागतात. खोकला आला की लघवी सुटते. कांद्याची गोणी उचलली की अंग बाहेर येतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या, पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या या बायका. कुणी पहिल्या बाळंतपणापासून सोसत असते, कुणी पिशवी काढल्यापासून. एसटीचा लांबचा प्रवास, लग्नकार्य, वारी सगळं हळूहळू बंद होतं, आणि घरातल्या थोरल्या सांगतात, बाईच्या जातीला हे असायचंच.

महोदय, हे असायचं नसतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. हे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलं. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांना आधी किमान ३ महिने देखरेखीखाली हाच व्यायाम द्यायला सांगतात.

खरी मेख देखरेखीत आहे. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम फक्त तोंडी समजावला गेला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला; चौथाई जणींची पद्धत तर त्रास वाढवू शकेल अशी होती. स्नायू वर उचलायचे सोडून त्या खाली जोर देत होत्या. आमच्याकडेही मोबाइलवर व्हिडिओ पाहून व्यायाम करणाऱ्यांचं हेच होतं. शिवाय काहींचे स्नायू सैल नसतात, कायम आवळलेले असतात. संबंधांच्या वेळी असह्य दुखतं, शौचाला कुंथावं लागतं. त्यांना केगेलचा व्यायाम दिला तर दुखणं वाढतं. आधी स्नायू सोडायला शिकवावं लागतं.

हा फरक ओळखायला आतून तपासणी करावी लागते, स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत मोजावी लागते. त्याआधी बाईला सगळं समजावून तिची संमती घ्यायची, खोलीत दुसरी स्त्री हजर ठेवायची, तपासणी करून घेणारी बाई नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. ज्या बाईने अत्याचार सोसलाय तिच्याशी कसं वागायचं, हेही शिकावं लागतं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत हे हातात बसत नाही. आज आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्त्रियांचं आरोग्य येतं ते सामुदायिक फिजिओथेरपीच्या पोटात, वृद्धांच्या आणि कामगारांच्या आरोग्याबरोबर. माझ्या मते त्याने या कामाचा पाया पुरेसा होत नाही. आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा गेलेले पुरुष तर या चौकटीत बसतच नाहीत.

नाशकात यासाठी वेगळं काही उभारावं लागणार नाही. हे विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडलेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आहे. तिथल्या बाळंतिणींच्या वॉर्डात हवा तेवढा अनुभव मिळेल. विद्यापीठ फेलोशिपही चालवतं. तेव्हा आधी पेल्व्हिक हेल्थची, म्हणजे ओटीपोटाच्या आरोग्याची, १ वर्षाची फेलोशिप सुरू करावी, आणि शिकवणारे हात तयार झाले की एमपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीची, स्वतंत्र २ वर्षांची शाखा. विद्यार्थ्यांना स्त्रीरोग, मूत्ररोग आणि शल्यचिकित्सा या तिन्ही विभागांत काम करू द्यावं, म्हणजे टाके पडलेली बाळंतीण घरी जाण्याआधीच त्यांच्या नजरेखालून जाईल.

त्याबरोबर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत या कामासाठी पदं मंजूर व्हायला हवीत. नाहीतर शिकलेल्या मुली मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यांत जातील आणि सुरगाण्याची बाई आहे तिथेच राहील. हे मी फार कळकळीने लिहितेय, कारण उपचार आहे हे माहीत असूनही तिला पाठवायचं कुठे, हे मला आज सांगता येत नाही.

आपण विद्यापीठाचे प्र-कुलपती आहात. फिजिओथेरपीच्या अभ्यास मंडळापुढे हा विषय ठेवण्याची सूचना आपण विद्यापीठाला करावी, ही विनंती. मंडळाला रुग्णांच्या अनुभवाची मांडणी हवी असल्यास मी म्हसरूळला येऊन ती करायला तयार आहे.

आपली नम्र,
नाशिकमधील एक फिजिओथेरपिस्ट