भुयार म्हणजे फक्त पळवाट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅसलच्या भुयारांवर काहीही वाचायला घ्या, तेच ते असतं, राजा पळाला, राणी निसटली, खजिना पुरला. मलाही तसंच वाटायचं. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज कॅसलच्या खाली उतरून आलो आणि डोक्यातलं ते चित्रच पुसलं गेलं, म्हणून हे पत्र.

१५४६ च्या मे महिन्यात काही प्रोटेस्टंट मंडळींनी कार्डिनल बीटन या बड्या कॅथलिक धर्मगुरूला तिथेच ठार मारून कॅसल ताब्यात घेतला. मग राणीच्या वतीने राज्य चालवणाऱ्या रीजंट ॲरनच्या सैन्याने वेढा घातला आणि तट पाडायला त्याच्या खालून सुरुंग खणायला घेतला, तोही खडकातून. आज सुरुंग म्हटलं की आपल्याला धमाकाच आठवतो, पण मूळ शब्दाचा अर्थ भुयारच आहे हो. आतल्यांना याचा सुगावा लागला, पण नेमकं कुठून खणतायत ते कळेना, मग त्यांनी आतून उलट भुयार खणायला सुरुवात केली. आधी अंदाज चुकले, ते अर्धवट टाकलेले प्रयत्न अजून तिथे आहेत.

त्या आतल्यांच्या भुयारात मी ओणवा होऊन शिरलो. पाठ छताला घासते, ओल्या दगडावर पाय सरकतो, आणि वाट सरळ अशी नाहीच, मध्येच वळते मध्येच खाली जाते. का वळते ते तिथे वाकून उभं राहिल्यावरच कळतं, खणणारा माणूस हात थांबवून दगडाला कान लावत असणार आणि ठकठक येईल तिकडे वळत असणार. शिडीवरून खाली उतरलं की एकदम ऐसपैस, ताठ उभं राहता येतं, हा बाहेरच्यांचा सुरुंग. आतल्यांनी त्यांना बरोब्बर इथे गाठलं. माझ्या तर अंगावर काटा आला. शेवटी जुलै १५४७ मध्ये फ्रेंच आरमाराच्या तोफांनी कॅसल पडला, सुरुंगाने नाही. नंतर ही जागा लोक विसरूनच गेले, ती सापडली थेट १८७९ मध्ये, शेजारी घराचा पाया खणताना.

इंग्लंडमधल्या रॉचेस्टर कॅसलखालीही असाच सुरुंग खणला होता. १२१५ साली किंग जॉनने तिथल्या मुख्य बुरुजाखाली खणून लाकडी टेकू लावले आणि ४० डुकरांच्या चरबीने ते पेटवले, टेकू जळाले तसा वरचा अख्खा कोपरा खाली आला. पुन्हा बांधताना तो गोल बांधला, बाकीचे तीन कोपरे चौकोनीच आहेत, बाहेरून बघितलं तरी फरक दिसतो.

आमच्याबरोबरचे बरेच जण भुयाराच्या तोंडाशी फोटो काढून परत फिरले, फार वाईट वाटलं. बंद जागेची भीती असेल किंवा गुडघे दुखत असतील तर ठीक आहे, पण बाकीच्यांनी आत जाच, आणि मोबाईल खिशात ठेवून जा. आणि संपादक साहेब, पुरवणीत कॅसलवर लेख छापाल तेव्हा वरच्या राजाराण्यांसोबत खाली अंधारात खणणाऱ्या या माणसांनाही थोडी जागा द्या, एवढीच मनापासून विनंती.

आपला एक नियमित वाचक