आधी माझ्या हाती हार्ड डिस्क देणाऱ्या तंत्रज्ञास

माननीय तंत्रज्ञ बंधूंस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव कुठेही छापू नये असे आपण निक्षून सांगितलेत, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. मात्र चारचौघांत आभार मानण्याचा माझा हक्क मी सोडणार नाही. घरचा संगणक पुन्हा सुरू झाला याचा आनंद आहेच, परंतु आपण तो ज्या रीतीने सुरू करून दिलात, त्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

त्या संगणकात माझ्या आईचा आवाज आहे. जात्यावरच्या ओव्या, धालो या लोकनृत्याची आणि फुगडीची गीते, श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या, असे जे जे तिला मुखोद्गत होते ते तिच्या अखेरच्या वर्षांत आम्ही बहिणींनी ध्वनिमुद्रित करून ठेवले. शब्द वहीत उतरवता आले, पण चाल आणि मध्येच थांबून तिने दिलेली स्पष्टीकरणे वहीत उतरत नाहीत. अशा स्थितीत ऐन आषाढात संगणकाने डोळे मिटले. कळ दाबली की आतला पंखा फिरे, पुढचा दिवा लागे, आणि मॉनिटर मात्र काळाच्या काळा. ना कंपनीचे चिन्ह, ना एखादे अक्षर.

आपल्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावे घेणार नाही, पण त्यांचे वागणे सांगितलेच पाहिजे. एका दुकानात कॅबिनेट उघडण्याचेही कष्ट न घेता ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ असा निकाल मिळाला, आणि त्याच दमात हप्त्यांचा तक्ता पुढे सरकवला गेला. दुसऱ्या ठिकाणी ‘फॉरमॅट मारावा लागेल, आतले राहील याची गॅरंटी नाही’ असे ऐकावे लागले. सुरू होताना संगणक आधी स्वतःची रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, व इतर भाग तपासतो आणि डिस्कवरची विंडोज त्यानंतर उघडते. कंपनीचे चिन्हसुद्धा उमटत नसेल, तर केवळ फॉरमॅट करून काही साधण्याची आशा नसते, हे आपण मला पुढे समजावून सांगितलेत. म्हणजे त्या गृहस्थांनी आईचा आवाज पुसला असता आणि पडदा तरीही काळाच राहिला असता. त्या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो. समोरच्याला कळत नाही याची खात्री पटल्यावर जे लोक जास्त मोठ्या आवाजात बोलतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात कमालीचा राग आहे आणि तो मी लपवू इच्छित नाही.

आपण आलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो ‘आत काय आहे?’ असा. मी आईविषयी सांगितले. आपण वीज बंद करून प्लग काढलात, कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण उघडलेत, आणि बिघाडाकडे वळण्यापूर्वी, ध्वनिमुद्रणे जिच्यात साठवलेली होती त्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली सोडवून, तिचे स्क्रू काढून ती बाहेर घेतलीत. ब्रशने तिच्यावरची धूळ झटकलीत, ती रुपेरी पिशवीत घातलीत आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलीत. म्हणालात, ‘‘बाई, हें तुमचें. आदीं हें तुमी सांबाळात, मागीर हांव काम करतां.’’ चांगला सोनार दागिना वितळवण्यापूर्वी त्यातला खडा काढून घरधनिणीच्या तळहातावर ठेवतो, तसेच ते होते. माझी भीती नेमकी कुठे आहे हे इतक्या दिवसांत दुसऱ्या कोणी विचारलेच नव्हते.

पुढचे काम माझ्या दृष्टीने लहान, आपल्या दृष्टीने नेहमीचे. मदरबोर्डला आपण एक चिमुकला स्पीकर जोडलात आणि संगणकाने लांब लांब शिट्ट्या घालून रॅमची तक्रार सांगितली. ज्या दमट हवेने आमच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते आणि चामड्याच्या चपला पांढऱ्या पडतात, तिनेच रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरला होता. आपण साध्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसल्यात, एकेक रॅम खाचेत घट्ट बसवून पाहिलीत, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेलही बदललात. मॉनिटर उजळला आणि त्यावर डिस्क सापडत नसल्याची इंग्रजी सूचना आली. माझ्या पोटात गोळा आला. आपण माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलेत आणि म्हणालात की ती कशी सापडेल, ती तर बाईंकडे आहे.

डिस्क पुन्हा जोडल्यावर ध्वनिमुद्रणे उघडून पाहण्याचे काम आपण मलाच करायला लावलेत आणि स्वतः हात धुवायला निघून गेलात. मोबदला आपण घेतलात तो सेलचा आणि श्रमाचा. पावती न मागता दिलीत. दुसऱ्याच्या घरातली पेटी उघडताना आत कोणाचे तरी आयुष्य आहे याची जाण ठेवणारी माणसे आपल्या गोव्यात आहेत, हे मला कळले. ती फार मिरवत नाहीत, त्यामुळे सापडायला उशीर होतो, एवढेच.

आपल्या सल्ल्याप्रमाणे सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती केल्या आहेत. एक प्रत साखळी गावी धाकट्या बहिणीकडे असते. पावसाळ्यात संगणक नुसता झाकून न ठेवता अधूनमधून चालू करते.

आता एक विनंती. आमच्या गावच्या वाचनालयातला संगणकही पंखा फिरत असून काळाच राहतो, आणि त्याचाही मदरबोर्ड गेल्याचे समितीला सांगण्यात आले आहे. नव्यासाठी वर्गणी काढण्याचे घाटत होते; ते मी थांबवले आहे. आपला दूरध्वनी क्रमांक समितीच्या सचिवांना देण्यास आपली अनुमती आहे किंवा कसे, ते कृपया कळवावे.

आपली ऋणी,
एक निवृत्त शिक्षिका,
फोंडा तालुका, गोवा