ताबा मिळेल, पण फाटक कोण उघडणार?

प्रति,
संपादक

महोदय,

गाझाच्या ताब्याच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या शिखर परिषदांच्या आणि अब्जावधी डॉलरच्या. अरब लीगने ४ मार्च २०२५ ला कैरोत ५३ अब्ज डॉलरची पुनर्बांधणी योजना मान्य केली. १३ ऑक्टोबरला नेते गाझातल्या युद्धविरामासाठी इजिप्तमधल्या शर्म अल शेखला जमले आणि १७ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने गाझाच्या तात्पुरत्या प्रशासनाचा आणि आंतरराष्ट्रीय दलाचा ठराव २८०३ संमत केला. गाझातून इजिप्तमध्ये जाण्याच्या रफाहच्या फाटकावर कोण बसणार आणि तो तिथवर कोणत्या रस्त्याने पोचणार, हे मात्र कुणी विचारत नाही. २००५ साली सगळे अडले ते नेमके तिथेच.

त्या वर्षी इस्रायलने गाझातल्या २१ वसाहती उठवल्या आणि १२ सप्टेंबरला सैन्य बाहेर काढले. १९९४ मध्ये गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जेरिको शहराचा ताबा पॅलेस्टिनींना देताना कैरोत नकाशांसह करार झाला होता. पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी भर व्यासपीठावर नकाशांवर सही करायचे नाकारले, इजिप्तचे अध्यक्ष मुबारक यांना त्यांची समजूत काढावी लागली, पण दोन्ही पक्षांनी मान्य केलेला कागद होता. २००५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शॅरन यांनी एकतर्फी माघार घेतल्याने तसा कागदच नव्हता. ही उणीव भरून काढायला इजिप्त पुढे आला. फेब्रुवारीत शर्म अल शेखला शॅरन आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांना समोरासमोर बसवले, मार्चमध्ये १३ पॅलेस्टिनी गटांना कैरोत बोलावून वर्षअखेरपर्यंत शांतता पाळण्याचे कबूल करून घेतले. इजिप्तचे गुप्तचर प्रमुख ओमर सुलेमान यांच्या फेऱ्या सतत चालू होत्या.

सगळ्यात नाजूक होती गाझा आणि इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पामधली १४ किलोमीटरची सीमा. इजिप्त-इस्रायलच्या १९७९ च्या शांतता करारानुसार तिथे इजिप्तला फक्त नागरी पोलीस ठेवता येत, आणि भुयारांतून होणारी शस्त्रांची चोरटी वाहतूक त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. मूळ करार उघडावा तर दोन्हीकडे गदारोळ. म्हणून १ सप्टेंबरला वेगळा समझोता करून ७५० सीमारक्षक आणले, आणि मूळ करारात बदल झालेला नाही असे त्यातच नोंदवून ठेवले. त्या वर्षातले सर्वांत कसबी काम माझ्या मते हेच.

पुढचा भाग मात्र कच्चा राहिला. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रशासनातल्या १५ नोव्हेंबरच्या ये-जा करारानुसार २५ तारखेला रफाह उघडले. पलीकडे इजिप्त, अलीकडे पॅलेस्टिनी प्रशासन आणि मध्ये युरोपीय संघाचे निरीक्षक. ते हजर नसतील तर फाटक उघडायचे नाही, असे ठरले. निरीक्षकांचा मुक्काम होता इस्रायलमधल्या अश्केलोनला आणि रफाहला जायची त्यांची वाट होती इस्रायलच्या हातातल्या केरेम शालोम या सीमाफाटकावरून. ती वाट अडली की निरीक्षक पोचत नसत आणि रफाह आपोआप बंद होई. बंदीचा हुकूम काढायचीही गरज नव्हती. जून २००६ मध्ये गिलाद शालित हा इस्रायली सैनिक पॅलेस्टिनी गटांकडून पकडला गेल्यावर रफाह बहुतेक दिवस बंदच राहिले. जून २००७ मध्ये हमासने गाझा ताब्यात घेतल्यावर निरीक्षकांचे कामच थांबले.

मालाची गत आणखी वाईट झाली. नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाला ती लगेच कळेल. वसाहतींतली हरितगृहे देणगीदारांनी सुमारे १.४ कोटी डॉलर देऊन पॅलेस्टिनींसाठी घेतली होती. काहींची लूट झाली तरी पुष्कळशी दुरुस्त होऊन हंगाम उभा राहिला. टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी तयार झाली आणि २००६ च्या सुरुवातीला गाझा आणि इस्रायलमधले कार्नीचे मालवाहतुकीचे फाटक वारंवार बंद होऊ लागले. निफाड-दिंडोरीचा कंटेनर न्हावा शेवाच्या दारात आठवडाभर उभा राहावा, तसे. त्यात कार्नीला ट्रक पलीकडे जात नसत. माल उतरवायचा, तपासायचा आणि दुसऱ्या बाजूच्या ट्रकवर पुन्हा चढवायचा. नाशवंत मालाचे अर्धे आयुष्य तिथेच संपते. त्याच १५ नोव्हेंबरच्या करारात २००५ अखेर दिवसाला १५० निर्यात ट्रक आणि २००६ अखेर ४०० असे लिहिलेले होते. पण आकडा गाठला नाही तर काय, याचे कलम नव्हते. गाझा आणि पश्चिम किनाऱ्यादरम्यानच्या बसगाड्या १५ डिसेंबरपासून धावायच्या होत्या, त्या कधीच सुटल्या नाहीत.

मग अरब देशांनी माल थेट रफाहमधून का पाठवला नाही? कारण १९९४ च्या इस्रायल-पॅलेस्टिनी आर्थिक करारापासून (पॅरिस करार) गाझा इस्रायलच्या सीमाशुल्क व्यवस्थेत बांधलेले आहे. आयात इस्रायलच्या तपासणीतूनच व्हायची, म्हणून २००५ च्या करारानेही ती केरेम शालोमवर ठेवली. आजच्या ५३ अब्जांतले सिमेंट आणि सळई कोणत्या फाटकाने येणार, हे आधी ठरायला हवे ते यासाठी.

युरोपीय निरीक्षक जानेवारी २०२५ अखेर रफाहला परतले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. यापुढे त्यांचा मुक्काम इजिप्तमधल्या अल-अरीशला असावा. तिथे विमानतळ आहे आणि रफाहला जाताना इस्रायलमधून जावे लागत नाही. इस्रायलचा आक्षेप सुरक्षेचा असेल, पण कॅमेऱ्याचे थेट चित्र त्यांना देण्याची सोय २००५ मध्येही होती. खरी अडचण कैरोची आहे. १९६७ पर्यंत गाझाचा कारभार इजिप्तकडे होता आणि तो भार पुन्हा गळ्यात पडेल या धास्तीने तिथले सरकार फाटकाची एकट्याने जबाबदारी घ्यायला कचरते. पण निरीक्षकांची राहण्याची जागा बदलणे म्हणजे गाझा अंगावर घेणे नव्हे. ७५० सीमारक्षकांची वाटाघाट याहून कितीतरी अवघड होती, आणि ती इजिप्तने तडीस नेली होती.

आपला,
आंतरराष्ट्रीय राजकारणाचा एक अभ्यासक,
गंगापूर रोड, नाशिक