दोन दिवसांचा हिशेब पंचेचाळीस दिवसांवर का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजीनामा दिल्यावर शेवटचा हिशेब, म्हणजे ‘फुल अँड फायनल’, कधी होणार असे विचारले की बहुतेक ठिकाणी एचआरकडून ठरलेले उत्तर येते : ‘‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल, कंपनीची पॉलिसी आहे.’’ हिंजवडीतला इंजिनीअर असो की चाकणचा ऑपरेटर, दोघेही मान डोलावतात. या पॉलिसीला कायद्याचा आधार नाही.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिचे कलम 17 सांगते की, कामावरून काढले, कर्मचारीकपातीत नोकरी गेली, आस्थापना बंद पडली किंवा कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिला, तर देय वेतन कामाच्या दोन दिवसांत दिले पाहिजे. 1936च्या वेतन प्रदान कायद्यात दोन दिवसांची अट होती, पण ती मालकाने काम संपवले तर. राजीनाम्याचा उल्लेख नव्हता. शिवाय महिना 24,000 रुपयांवर पगार असलेले त्या कायद्याबाहेर राहत. आता पगाराची मर्यादा नाही आणि मॅनेजरही ‘कर्मचारी’च आहे.

मोजायचे कसे? शेवटचा दिवस शुक्रवार आणि शनिवार-रविवार सुटी असेल, तर मंगळवारपर्यंत पैसे खात्यात यायला हवेत. शनिवारी कारखाना चालू असेल, तर सोमवारीच. नोटीस पिरियड पूर्ण केला असेल तर घड्याळ राजीनाम्याचा मेल पाठवल्या दिवसापासून नव्हे, कार्यमुक्त होण्याच्या दिवसापासून धरणे रास्त.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. ही मुदत वेतनाची आहे, ग्रॅच्युइटीची नाही. तिच्यासाठी 30 दिवस असतात. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 26,000 आणि सेवा 7 वर्षे 8 महिने असेल, तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात : 26,000 गुणिले 15 भागिले 26, गुणिले 8, म्हणजे 1,20,000 रुपये. निवृत्त होणारे आणि मुदतीचा करार संपलेले यांचा या दोन दिवसांच्या यादीत स्पष्ट उल्लेखच नाही. त्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, एवढेच म्हणता येते. मसुदा करणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटले असावे.

खरे घोळ होतात ते ‘नो ड्यूज’वर, म्हणजे कर्मचाऱ्याकडे कंपनीचे काही बाकी नाही या दाखल्यावर. लॅपटॉप परत आला नाही, स्टोअरची सही बाकी आहे, साहेब रजेवर आहेत. यातल्या कशानेही दोन दिवसांची मुदत पुढे सरकत नाही. वस्तू हरवल्याबद्दल कपात करता येते, पण ती वस्तू कर्मचाऱ्याच्या खास ताब्यात दिलेली असावी, नुकसान त्याच्या हलगर्जीने झालेले असावे आणि कपातीआधी त्याला म्हणणे मांडायची संधी मिळालेली असावी. एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त नको. सगळा पगारच अडकवून ठेवणे याला कपात म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे तो छापील कागद : ‘माझे कसलेही येणे बाकी नाही.’ पैसे येण्याआधी यावर सही घेतात. सही करावीच लागली, तर खाली ‘रक्कम खात्यात जमा होण्याच्या अधीन’ असे स्वतःच्या हाताने लिहून तारीख टाकावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तसे न लिहिता सही झाली असली तरी घाबरू नये. संहितेखाली देय रकमेवरचा हक्क सोडायला लावणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो.

शेवटच्या आठवड्यात कंपनीचा मेल बंद होण्याआधी राजीनाम्याची पोच, सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, हजेरीचा तक्ता आणि शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर घ्यावा. दोन दिवस उलटले की रकमेचा आकडा घालून लेखी मागणी करावी; फोनवरच्या आश्वासनाला पुरावा नसतो. तरीही पैसे आले नाहीत, तर संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करता येतो. मुदत तीन वर्षे आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. ठेकेदाराने हात वर केले, तर ज्या कंपनीत काम केले तीही जबाबदार ठरते.

पेरोलवाल्यांसाठी यातून निघणारे काम एकच : हिशेब शेवटच्या दिवसानंतर सुरू न करता नोटीस पिरियडमध्येच तयार करायचा. तीस-साठ दिवस त्यांच्या हाती असतातच.

— एक वाचक, चिंचवड